ल्वारकांठचें द्राक्ष

फ्रान्समध्यें ल्वार नदीच्या उत्तर तीरावर, तूर शहराच्या किंचित् पूर्वेस वूव्हरे नांवाचें गांव आहे. तेथील चुनखडीचे मऊ कडे कोरून लोकांनीं घरें व मद्याचीं तळघरें केलेलीं आहेत. वरच्या पठारावर शेनँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाचे मळे पसरले आहेत. आणि नवल असें कीं, त्याच मळ्यांतून कधीं गोडवा नसलेलें, कधीं मधासारखें, तर कधीं फेंसाळणारें मद्य निघतें.

हें द्राक्ष उशिरां पिकतें, आणि पिकलें तरी त्याची आंबटाई जात नाहीं. थंड वर्षीं साखर कमी भरते. तेव्हां हीच आंबटाई फेंसाळत्या मद्यास उपकारक होते. शरद् ऋतु उबदार निघाला, तर बागाईतदार घड वेलीवरच राखतो. सकाळच्या धुक्यानें मण्यांवर करडी बुरशी धरते, दुपारच्या उन्हानें आंतलें पाणी उडतें व गोडी दाटते. मग पिकतील तसे घड फेऱ्याफेऱ्यांनीं तोडावयाचे. पाऊस लागून राहिला, तर मात्र तीच बुरशी सारा माल कुजविते. वर्षाची कमाई अशी आभाळाच्या भरंवशावर सोडणें हा जुगारच म्हणावयाचा! १९४७ सालीं तो फळला. त्या सालचें गोड मद्य जाणकार अजून शोधीत असतात. १९९१ च्या एप्रिलमध्यें ल्वारच्या खोऱ्यांत हिमतुषारांनीं कोवळे कोंबच जाळले. तेथें वाट तरी कशाची पाहावयाची?

हेंच द्राक्ष आतां नाशिककडेहि लावतात. तेथें तें उन्हाळा तापण्यापूर्वींच तोडतात. धुक्याची वाट कोणी पाहत नाहीं.