शिलाई श्रीरंगपट्टणला, हिशेब स्टॉकहोमला

म्हैसूरच्या नैर्ऋत्येचे कुवेंपुनगर म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांचे आणि पगारदारांचे उपनगर. कन्नडला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या कुवेंपूंचे नाव या वसाहतीला आहे आणि त्यांच्या विचारातला 'विश्वमानव' येथील हमरस्त्याच्या पाटीवर आहे. या भागातील कितीतरी घरांतली पुढची पिढी सॉफ्टवेअर कंपन्यांत गेली. अमेरिकेतल्या बँकेचे किंवा युरोपातल्या विमा कंपनीचे काम भारतात बसून करायचे आणि त्यावर घर, गाडी व मुलांचे शिक्षण उभे करायचे, हा गेल्या पंचवीस वर्षांतील मध्यमवर्गीय म्हैसूरचा अनुभव. आउटसोर्सिंग हा शब्द येथे कोणाला बोचत नाही. तो भरभराटीचा शब्द आहे.

याच शहरापासून बंगळूरच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटरवर श्रीरंगपट्टण लागते. मराठी वाचकाला हे गाव टिपूमुळे आणि १७९२ च्या वेढ्यामुळे ठाऊक असते. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा तेव्हा इंग्रज व निजाम यांच्या जोडीने येथे उतरल्या होत्या. आता त्याची ओळख आणखी एका प्रकरणाने झाली आहे, आणि त्यात आउटसोर्सिंगचा अर्थ पार उलटा निघतो. काम परदेशातून आले तेव्हा लाभ कोणाला झाला याचे उत्तर कुवेंपुनगरात मिळते. ते काम निघून गेले तेव्हा तोटा कोणाच्या खात्यावर पडला, हे श्रीरंगपट्टणला कळते.

गोकलदास एक्स्पोर्ट्स या बंगळूरच्या मोठ्या निर्यातदार कंपनीचा 'युरो क्लोदिंग कंपनी-२' हा कारखाना तेथे होता. एच अँड एम या स्वीडिश कंपनीचे कपडे तेथे शिवले जात. जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात कारखान्यातील यंत्रे हलविण्यास सुरुवात झाली आणि बाराशेहून अधिक कामगारांना ले-ऑफ देण्यात आला. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या, मंड्या जिल्ह्यातल्या खेड्यांतून रोज बसने किंवा टेम्पोने येणाऱ्या. कंपनीने ऑर्डर उरल्या नसल्याचे कारण दिले. कामगारांच्या 'गार्मेंट अँड टेक्स्टाइल वर्कर्स युनियन'चा आरोप वेगळा होता. संघटना जेथे बळकट आहे नेमका तोच कारखाना महासाथीचे निमित्त करून बंद केला जात आहे, असे तिचे म्हणणे होते. कामगारांनी आवारातच ठिय्या दिला आणि तो पन्नास दिवसांच्या घरात चालला. पुढे अनेकींनी राजीनामे देऊन हिशेब घेतला. ते दबावाखाली घेतल्याचे संघटनेने म्हटले.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाच-ब प्रकरणानुसार शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ, कपात वा कारखाना बंद करणे यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. बाराशे कामगारांचा कारखाना या कक्षेत नि:संशय येत होता. तरीही तोडगा या कलमांमुळे निघाला नाही. २०१५ मध्ये एच अँड एमने इंडस्ट्रीऑल हा जागतिक कामगार महासंघ आणि स्वीडनमधील आयएफ मेटल ही संघटना यांच्याशी एक करार केला होता. पुरवठादारांकडील संघटनास्वातंत्र्याचा आदर राखण्याची हमी त्यात होती. त्या कराराच्या आधारे दबाव आला, वाटाघाटी झाल्या आणि २०२१ च्या सुरुवातीस गोकलदासने युनियनला मान्यता देण्याचे व काढलेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचे मान्य केले. मंड्या जिल्ह्यातल्या शिलाई कामगाराला न्याय मिळण्याची वाट स्टॉकहोमवरून गेली, ही गोष्ट दिल्लीच्या श्रमशक्ती भवनातील आणि बंगळूरच्या विधानसौधातील अधिकाऱ्यांनी नजरेआड करण्याजोगी नाही.

मूळ प्रश्न असा की, या प्रकरणात मालक कोण? पगारपत्रकावर नाव गोकलदासचे. परंतु शर्टाचा रंग, कापडाचा पुरवठादार, गुंड्यांचा आकार, पाठवणीची तारीख आणि मुख्य म्हणजे नगामागे मिळणारा दर हे सारे ठरविणारा दुसराच. तयार कपड्यांच्या व्यापारात माल बंदरात जहाजावर चढला की किंमत देय होते आणि पैसे हाती पडतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर कापड, सूत, वीज व पगार यांचा खर्च कारखानदाराने उचललेला असतो. मार्च २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली तेव्हा अनेक नामांकित कंपन्यांनी करारातील अपरिहार्य आपत्तीच्या कलमावर बोट ठेवून शिवून तयार असलेला मालही नाकारला. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर रद्द झाल्या किंवा रोखल्या गेल्याची तेथील निर्यातदार संघाची नोंद आहे. एच अँड एमने शिवून झालेल्या मालाचे पैसे देऊ असे लवकर जाहीर केले, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. मात्र पुढच्या महिन्यांची ऑर्डर देण्याचे बंधन कोणावरच नव्हते. कामगार कायम, यंत्रे कायम, कर्ज कायम आणि ऑर्डर तेवढी हंगामी, अशी ही रचना आहे.

अर्थात कारखानदाराला निव्वळ बळी ठरविणेही भाबडेपणाचे होईल. कर्नाटकातीलच उदाहरण घ्या. एप्रिल २०२० पासून लागू होणारी बदलत्या महागाई भत्त्याची वाढ राज्य सरकारने स्थगित केली. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ती देण्यास सांगितल्यावरही राज्यातील कारखान्यांनी ती दीर्घकाळ दिली नाही. रक्कम होती दरमहा ४१७ रुपये ६० पैसे. आठ-नऊ हजारांच्या पगारात ती लहान नाही. बाधित कामगारांची संख्या चार लाखांहून अधिक होती. अमेरिकेतील वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या संस्थेने हे प्रकरण परदेशी खरेदीदारांपुढे मांडले, तेव्हा कोठे २०२१ च्या अखेरीपासून मोठ्या निर्यातदारांनी थकबाकी देण्यास सुरुवात केली. येथेही भत्ता स्थगित करणारे सरकार आपलेच, न देणारे कारखानदार आपलेच आणि वसुली करून देणारी संस्था मात्र वॉशिंग्टनची. कारखानदार म्हणतो, दर खरेदीदार ठरवितो. खरेदीदार म्हणतो, कामगार आमचे नव्हेत. सरकार म्हणते, जास्त ताणले तर ऑर्डर बांगलादेशात किंवा व्हिएतनामला जाईल. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे आणि म्हणूनच जबाबदारी कोठेच ठरत नाही.

सरकार खरोखर मनावर घेते तेव्हा काय होते, हे एप्रिल २०१६ मध्ये दिसले होते. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम केंद्राने केला. त्याविरुद्ध बंगळूरच्या हजारो शिलाई कामगार स्त्रिया कोणत्याही नेत्याविना रस्त्यावर आल्या. दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, नियम मागे घेण्यात आला. तसेच फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण ठरल्याच्या कारणावरून घरी पाठविण्यात आले, तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाने काही दिवसांतच कर्नाटक सरकारला लक्ष घालण्यास सांगितले. या मुलांच्या घरची काळजी कुवेंपुनगरला परकी नव्हती. श्रीरंगपट्टणच्या ठिय्याला अशी तत्परता लाभली नाही.

मराठी माणसाला या साऱ्यात काही नवे वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांनी हेच देशांतर्गत केले होते. भिवंडी व इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घ्यायचे आणि त्यावर गिरणीचा छाप उठवून विकायचे, ही रीत रुळलेलीच होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा कित्येक मालकांना गिरणी सुरू करण्याची फारशी घाई उरली नाही. मागावरचा कामगार कमी पगारात, बारा तासांच्या पाळीत तेच कापड विणत होता. गिरण्या गेल्या आणि जमीन राहिली. विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने १९९१ मध्ये त्या जमिनीचे शहर, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे केले होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. काम बाहेर गेल्याचा तोटा लालबाग-परळच्या चाळींनी सोसला आणि रिकाम्या झालेल्या जागेचा नफा मालकांनी घेतला.

पाश्चात्य देशांत हा तोटा कोणी उचलावा याची निदान चर्चा तरी झाली. चीनहून वाढलेल्या आयातीमुळे १९९९ ते २०११ या काळात अमेरिकेत वीस लाखांच्या आसपास रोजगार बुडाल्याचा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अशा कामगारांसाठी १९६२ पासून तेथे सरकारी साहाय्य योजना होती. तिची मुदत २०२२ मध्ये संपली आणि ती वाढविली गेली नाही. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले, तेव्हा दोनशेहून अधिक कंपन्यांनी इमारत-सुरक्षेच्या बंधनकारक करारावर सह्या केल्या. फ्रान्सने २०१७ मध्ये आपल्या बड्या कंपन्यांवर पुरवठा साखळीतील दक्षतेचे कर्तव्य घातले, जर्मनीचा तसा कायदा २०२३ मध्ये लागू झाला. युरोपीय संघाचा व्यापक निर्देश २०२४ मध्ये संमत झाला खरा, परंतु वर्षभरातच त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडली आणि व्याप्ती आक्रसण्याचे ठरले. परक्या संसदेच्या सद्बुद्धीवर आपल्या कामगाराची सुरक्षा टांगून ठेवण्याचा धोका यातून ध्यानात यावा.

विशेष म्हणजे, काम करून घेणाराच जबाबदार हे तत्त्व भारतीय कायद्याला अपरिचित नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने पगार बुडविला तर तो मुख्य मालकाने द्यावा असे ठरविले. नव्या श्रम संहितेतही ते टिकले आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९६९ मध्ये, याहून धाडसी पाऊल टाकले होते. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्याने हमालाचा मालक कोण हा वादच निकालात काढला. ज्याचे ओझे उचलले जाते त्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, रजा, भविष्य निधी व उपदान द्यायचे. माथाडी मंडळांत पुढे शिरलेल्या अपप्रवृत्ती सर्वश्रुत आहेत. त्यामुळे मूळ तत्त्व खोटे ठरत नाही. अडचण एवढीच की, हे तत्त्व देशाच्या सीमेपाशी थांबते. शर्टाचे 'ओझे' ज्याच्यासाठी उचलले जाते तो सीमेपलीकडे बसलेला आहे.

त्याला येथील कायद्याने थेट गाठणे अवघड, हे मान्य. परंतु त्याचा पैसा आणि माल येथील बंदरातून जातो आणि त्याच्या पुरवठादाराला जमीन, व्याज व करपरतावा यांच्या सवलती येथील सरकारे देतात. कोळसा खाण सुरू करतानाच ती बंद करण्याचा आराखडा मागून त्यासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवून घेण्याची पद्धत देशात आहे. सवलती घेणाऱ्या निर्यात कारखान्याकडून नगामागे काही पैसे तसेच राखून घेता येतील. खरेदीदाराच्या दरात ते धरणे मग निर्यातदाराला भाग पडेल. यावर नेहमीचा आक्षेप असा की, एका राज्याने हे केले तर ऑर्डर शेजारच्या राज्यात जाईल. म्हणूनच हे काम राज्यांचे नाही, केंद्राचे आहे.

प्रत्यक्षात वारे उलट दिशेने वाहत आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली. श्रीरंगपट्टणसारखा कारखाना अजूनही कक्षेत येईल. त्याच्यासाठी काम करणारी दोन-अडीचशे मशीनची युनिटे सुटतील. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा खरेदीदारांनी त्यातील वाटा निर्यातदारांनी सोसावा असा आग्रह धरला. निर्यातदाराकडे कापण्याजोगे काय असते, हे सांगायला नको.

दरम्यान केंद्राच्या पीएम मित्र योजनेत ४,४४५ कोटी रुपये खर्चून सात वस्त्रोद्योग पार्क उभे राहायचे आहेत. त्यांपैकी एक कर्नाटकात कलबुर्गीला आणि एक महाराष्ट्रात अमरावतीजवळ नांदगाव पेठला. नांदगाव पेठच्या सुमारे एक हजार एकरांच्या उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापूस पिकविणाऱ्या आणि आत्महत्यांनी पिचलेल्या जिल्ह्यात शिलाईचे कारखाने येणार याचे स्वागतच आहे, आणि तेथे मशीनवर बसणाऱ्या मुली मंड्याच्या मुलींसारख्याच आसपासच्या खेड्यांतून येतील. गुंतवणूकदारांशी होणाऱ्या करारनाम्यांत पाणी, वीज, रस्ते आणि अनुदान यांची कलमे असतातच. ऑर्डर आटली तर या मुलींचे पगार, उपदान आणि भरपाई कोणत्या खात्यातून निघेल याचे कलम मसुद्यात घालायचे असेल, तर ते भूखंडवाटप पुरे होण्याच्या आत घालावे लागेल.