ठाण्याला गाडी आली तेव्हा जपानात कोणते साल होते?

१६ एप्रिल १८५३ ही तारीख तुम्हांला पाठ असेल. त्या दुपारी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. अंतर २१ मैल. ठाण्यातल्या पंचांगात तेव्हा शके १७७५ चा चैत्र चालू होता. आणि जपानात? तिथे चालू होता काएई ६ चा तिसरा महिना.

हे काएई काय प्रकरण आहे? आपला शक एकदा सुरू झाला तो अखंड चालतो आहे. जपानात मात्र सम्राटाच्या दरबारातून एखादे शुभ नाव जाहीर होई आणि वर्षे पुन्हा एकपासून मोजली जात. राज्याची खरी सूत्रे तोकुगावा घराण्यातील शोगुनांच्या हाती होती, पण कालगणनेचे नाव सम्राटाचे! काएई १८४८ साली सुरू झाले. म्हणजे काएईच्या आकड्यात १८४७ मिळवा, की इसवी सन आला. जरा जपून मात्र. त्यांचे वर्षही चांद्र महिन्यांचे, आपल्यासारखाच अधिक महिना घेणारे, आणि ते बहुधा फेब्रुवारीच्या आसपास सुरू होई. त्यामुळे काएई ६ चे शेवटचे दिवस १८५४ च्या जानेवारीत जातात.

काएई ६ च्या सहाव्या महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्याला लागला. दोनशेहून अधिक वर्षे बहुतेक परदेशीयांना बंद असलेली दारे उघडा, ही त्याची मागणी. पुढच्या वर्षी तो परत आला तो भेट म्हणून चक्क छोटी आगगाडी घेऊन! खऱ्या गाडीच्या एकचतुर्थांश आकाराची. डब्यात माणूस मावेना, तेव्हा एक जपानी अधिकारी टपावरच बसला आणि अंगरखा फडफडवीत गोल रुळांवर चकरा मारू लागला. ही गोष्ट मार्च १८५४ ची. १ मे १८५४ ला इकडे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत खरी गाडी सुरू झाली. जपानला तशी गाडी मिळायला १८७२ साल उजाडले.

१८५४ हे वर्ष जपानला वाईटच गेले. क्योतोचा राजवाडा जळाला. मग २३ डिसेंबरला प्रचंड भूकंप झाला आणि सुमारे ३२ तासांनी तसाच दुसरा. समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावरची गावे धुऊन नेली. या लाटा पार पॅसिफिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या आणि तिथल्या भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर उमटल्या. काएई ७, अकरावा महिना, चौथा दिवस ही जपानी नोंद इसवी तारखेत बसवली, की लाटांना लागलेला वेळ मिळतो. पाणी जितके खोल तितकी अशी लाट वेगवान. अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्या वेळेवरून महासागराची सरासरी खोली काढली!

जपानी दरबाराने मात्र नावच बदलले. भूकंपानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी काएई संपवून ‘आनसेई’ सुरू केले. अर्थ, शांत राज्यकारभार. नवे नाव सरत्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून लागू धरत, म्हणून काएई ७ हेच आनसेई १ झाले आणि ते दोन भूकंप ‘आनसेईचे भूकंप’ म्हणूनच ओळखले जातात. बिचारे नाव!

आनसेई २ च्या दहाव्या महिन्यात एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, भूकंपाने हादरले. तेव्हा इसवी सन कोणता होता, ते आता तुम्हीच काढा.