शून्य गोलांची कप्तान आणि बाईचा रोज

देशासाठी 219 सामने खेळले आणि गोल किती केले? एकही नाही! अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाची बचावपटू बेकी सॉरब्रन हिने डिसेंबर 2024 मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा तिच्या नावासमोर हाच हिशेब होता. परंतु हीच बाई आपल्या संघाची कप्तान होती. 2012 चे ऑलिम्पिक सुवर्णपदक, 2015 आणि 2019 चे विश्वचषक तिच्या संघाने जिंकले. 2015 च्या स्पर्धेत ती प्रत्येक सामन्यात प्रत्येक मिनिट मैदानावर होती. त्या सात सामन्यांत संघावर फक्त तीन गोल झाले. जे गोल झालेच नाहीत त्यांची नोंद मात्र कोणत्याही फलकावर होत नाही.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला या अमेरिकन खेळाडूचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हाला तिची आठवण होते ती तिच्या मैदानाबाहेरच्या लढ्यासाठी.

2014 चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मनीच्या पुरुष संघाला साडेतीन कोटी डॉलर बक्षीस मिळाले. 2015 चा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकन महिलांना मिळाले वीस लाख. अमेरिकेचा महासंघही आपल्या महिला आणि पुरुष खेळाडूंना वेगवेगळ्या करारांनी पैसे देत होता. मार्च 2016 मध्ये पाच खेळाडूंनी सरकारी आयोगाकडे तक्रार केली. त्या पाचांत सॉरब्रन होती. 8 मार्च 2019 रोजी, महिला दिनीच, 28 खेळाडूंनी महासंघावर दावा लावला.

महासंघाने काय उत्तर दिले? पुरुषांच्या कामाला अधिक कौशल्य लागते आणि त्यात जबाबदारीही अधिक असते, असे त्याच्या वकिलांनी मार्च 2020 मध्ये न्यायालयात लेखी मांडले. त्यावर एवढा गदारोळ झाला की महासंघाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. तरीही मे 2020 मध्ये न्यायाधीशांनी वेतनाची मागणी फेटाळली. या बायकांनी अधिक सामने खेळून, अधिक जिंकून जी कमाई केली होती तीच त्यांच्या विरोधात मोजली गेली. शिवाय करार तुम्हीच मान्य केला होता, असेही त्यांना ऐकवण्यात आले.

वाचकहो, ही भाषा ओळखीची वाटत नाही काय? चोपडा-यावलच्या किंवा शिरपूर-शिंदखेड्याच्या शेतात जाऊन विचारा. बाईचा रोज गड्यापेक्षा कमी का? उत्तर ठरलेले असते. गड्याचे काम जड, बाईचे हलके, आणि तिने ठरवून घेतला तोच रोज दिला. उन्हात दिवसभर वाकून केलेली निंदणी हलकी, हे ठरवले कोणी? पीक घरात आले की गाडीभर माल सर्वांना दिसतो. तण वाढू दिले नाही म्हणून तो माल आला, हे कोणी लिहून ठेवत नाही. निंदणारी बाईसुद्धा बचावपटूच आहे!

न्यायालयात हरल्यावर त्या खेळाडू घरी बसल्या नाहीत. त्यांची संघटना होती आणि सॉरब्रन तिची अध्यक्ष होती. अपील केले, वाटाघाटी चालू ठेवल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये महासंघाने दोन कोटी चाळीस लाख डॉलरची तडजोड मान्य केली आणि त्याच वर्षी महिला व पुरुष संघांसाठी समान वेतनाचे करार झाले. विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कमही दोन्ही संघांनी एकत्र करून वाटून घ्यायचे ठरले. न्यायालयाने नाकारलेली गोष्ट एकजुटीने मिळवली.

आपल्याकडे तर समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या 39 व्या कलमातच आहे. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या आणि 1942 पासून मजूरमंत्री म्हणून काम केलेल्या बाबासाहेबांना बाईच्या श्रमाची किंमत कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. 1976 साली समान वेतनाचा कायदा आला, पुढे तो 2019 च्या वेतन संहितेत सामावला गेला. कायदा शेताच्या बांधापर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला आणावे लागते.

खेळातही तेच. ऑक्टोबर 2022 मध्ये क्रिकेट मंडळाने महिला आणि पुरुषांचे सामन्याचे मानधन समान केले, ते चांगलेच झाले. पण मणिपूरची आशालता देवी, तीही बचावपटूच, 2024 मध्ये शंभर आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्याही घरात पाहावे. जयंतीच्या मंचावर कोण बसते आणि मागे चुलीपाशी कोण राबते? आमचे म्हणणे एवढेच की, येत्या निंदणीच्या हंगामाआधी गावोगावच्या विहारात बायांची बैठक व्हावी, रोज सर्वांनी मिळून ठरवावा, आणि त्या बैठकीची अध्यक्ष बाईच असावी.