अकालमृत्यू आणि कालज जरा : एका बेटावरील ऑपॉसमची साक्ष

जरा ही व्याधी की स्वभाव, हा प्रश्न आपल्या शास्त्राने कधी टाळलेला नाही. सुश्रुताचार्यांनी क्षुधा, पिपासा, निद्रा व मृत्यू यांच्या पंक्तीत जरेला बसवून तिची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आणि तिचे दोन भेद सांगितले. योग्य रक्षण करूनही येते ती कालज आणि रक्षण न केल्यामुळे येते ती अकालज. चरकसंहितेच्या विमानस्थानातील गाडीच्या आसाचा दृष्टांतही वैद्यवर्गाला परिचित आहे. उत्तम आस आपल्या वेळी झिजून संपतो. अतिभार, वाईट रस्ता किंवा वंगणाचा अभाव असेल तर तोच आस मध्येच मोडतो. अकालज ते वैद्याच्या हाती, कालज ते निसर्गाच्या, अशी वाटणी मनाशी करून आपण सारे व्यवसायाला लागलो. तथापि, त्या आसाचा मूळचा टिकाऊपणा कशाने ठरला? उंदराचा आस दोन-तीन वर्षांत झिजतो आणि केवळ सात ग्रॅम वजनाचे ब्रँट जातीचे वटवाघूळ सायबेरियात ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडते, हे कसे?

या प्रश्नाचा मागोवा घेणाऱ्या संशोधकांत स्टीव्हन ऑस्टॅड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. हे गृहस्थ मूळचे इंग्रजी साहित्याचे पदवीधर. मध्यंतरी त्यांनी टॅक्सी चालविली, चित्रपटांसाठी सिंहांना शिकविण्याचे कामही केले आणि मग ते जीवशास्त्राकडे वळले. (सिंहाशी गाठ पडल्यावर माणसाला आयुर्मर्यादेचा विचार सुचावा, यात आम्हांला तरी नवल वाटत नाही.) १९८० च्या दशकात व्हेनेझुएलाच्या गवताळ प्रदेशात ते ऑपॉसम या प्राण्याचा अभ्यास करीत होते. मांजराएवढा, पोटाशी पिशवी असलेला हा निशाचर प्राणी. एकदा पकडून सोडलेली धडधाकट मादी काही महिन्यांनी पुन्हा सापळ्यात यावी, तो तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि सांधे आखडलेले. एवढ्या आकाराचा प्राणी इतक्या वेगाने म्हातारा होतो, हे पाहून ऑस्टॅड यांच्या संशोधनाची दिशाच बदलली.

सिद्धांत त्यांच्यापूर्वी मांडला गेला होता. पीटर मेडावार यांनी १९५१ साली लंडनमधील व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, रानात बहुतेक प्राणी म्हातारपण येण्याआधीच शिकार, उपासमार वा थंडीने मरतात. म्हणून उतारवयात अपाय करणारे आनुवंशिक दोष निसर्गाच्या चाळणीतून निसटतात. १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी पुढचे पाऊल टाकले. तारुण्यात प्रजननाला उपकारक असणारा गुणच वार्धक्यात घातक ठरू शकतो, असे त्यांचे म्हणणे. १९७७ मध्ये टॉम कर्कवुड यांनी तोच विचार जमाखर्चाच्या भाषेत मांडला. शरीराजवळची शक्ती मर्यादित. ती संततीवर खर्च करावी की धातूंच्या डागडुजीवर? उद्या कोल्ह्याच्या तोंडी जाणे जवळजवळ निश्चित असेल, तर डागडुजीवरचा खर्च वायाच जाणार.

हे खरे असेल, तर शत्रू नसलेल्या ठिकाणी तोच प्राणी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यास सावकाश म्हातारा झाला पाहिजे. असे ठिकाण ऑस्टॅड यांना जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ सापेलो बेटावर सापडले. हे बेट सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटले. तेथे ऑपॉसम होते. पण त्यांना खाणारे कोल्हे, रानमांजरे वा प्यूमा नव्हते. मुख्य भूमीवर निम्म्याहून अधिक ऑपॉसम शिकारी प्राण्यांच्या तोंडी पडतात. ऑस्टॅड यांनी दोन्हीकडच्या माद्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधले, त्यांना वारंवार पकडून तपासले आणि निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. बेटावरच्या माद्या सरासरी सुमारे २५ टक्के अधिक जगत होत्या. एका वेतात त्यांना पिल्लेही कमी होत. तिकडे सात-आठ, तर इकडे पाच-सहा.

शत्रू नाही म्हणून आयुष्य वाढले, त्यात विशेष ते काय, अशी शंका वाचकांना येईल. आम्हांलाही आली. तिचे उत्तर शेपटीतील कंडरेत आहे. वयाबरोबर कंडरेच्या तंतूंमध्ये आडवे बंध वाढतात आणि ते ताठर होतात. बेटावरच्या प्राण्यांत हा बदल मंद गतीने होत होता. दुसऱ्या वर्षाच्या विणीतही मुख्य भूमीवरच्या माद्या खचत, बेटावरच्या तशा खचत नसत. म्हणजे तेथे केवळ अपघाती मरण टळले नव्हते, जरेचा वेगच कमी झाला होता.

आपल्या परिभाषेत याचा अर्थ फार विलक्षण आहे. अकालमृत्यूचे प्रमाण हजारो वर्षे घटले, आणि त्यामुळे त्या जातीची कालज जराच लांबणीवर गेली. ज्या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खणांत ठेवल्या, त्यांतील एक दुसरीची जननी निघाली. सारथ्याने एखादे दिवशी गाडी जपून हाकल्याने हे घडले नाही. रस्ताच पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक राहिला, म्हणून कारखान्यातून आसच अधिक मजबूत येऊ लागला.

हा नियम सर्वत्र असाच लागू पडतो, असे मात्र कोणी समजू नये. मायकेल रोझ यांनी प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या उशिरा घातलेल्या अंड्यांतूनच पुढची पिढी वाढविण्याचा क्रम ठेवला आणि दीर्घायुषी माश्या मिळविल्या. हा पुरावा सिद्धांताच्या बाजूचा. पण त्रिनिदादमधील गप्पी माशांवरील २००४ च्या अभ्यासात डेव्हिड रेझ्निक व सहकाऱ्यांना उलटे चित्र दिसले. शत्रूंनी भरलेल्या ओढ्यांतले मासेच अधिक जगणारे निघाले.

आता आपल्या गल्ल्यावरची गोष्ट. साठी गाठलेला रुग्ण येतो आणि ‘वय थांबेल असे काही द्या’ म्हणतो. रसायनाच्या डबीवर ‘वार्धक्य परतवणारे’ असा मजकूर छापण्याचा मोह काही औषधनिर्मात्यांना होतो, हे आपण सारे जाणतो. आमच्या मते ऑस्टॅड यांचे काम या मोहाला आधार देत नाही. सापेलोच्या ऑपॉसममध्ये जे पालटले ते हजारो पिढ्यांत. एका रुग्णाच्या तीन महिन्यांच्या सेवनकाळात ते पालटेल, असा दावा शास्त्रालाही धरून नाही आणि व्यवहारालाही. यावरून ब्रह्मचर्याने आयुष्य हमखास वाढते, असा सोयीचा निष्कर्षही कोणी काढू नये. प्रजनन व डागडुजीचा तो हिशेब मुख्यतः जातीचा आहे, व्यक्तीचा नव्हे. आपले रसायन अकालज जरेपुरते बोलते, तेव्हा ते आपल्या अधिकारात बोलते.

त्यापुढे जायचे तर मोजमाप हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या उपक्रमात एकच द्रव्य मेन, मिशिगन व टेक्सास येथील तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी उंदरांना दिले जाते आणि ते किती जगतात हे पाहिले जाते. २००९ मध्ये तेथे रॅपामायसिन या औषधाने, ते उतारवयात सुरू करूनही, उंदरांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. माद्यांत सुमारे १४ व नरांत ९ टक्के. २०१३ मध्ये हळदीतील कर्क्युमिनचा निकाल आला. आयुष्यात लक्षणीय वाढ झाली नाही.

हा निकाल आपल्या नियतकालिकांनी दडवू नये, असे आम्हांला वाटते. ते विलग केलेले एक रसायन होते. हरिद्रेचा कल्प, अनुपान, प्रकृतिविचार यांतले त्यात काही नव्हते, हे खरेच. पण मग संपूर्ण कल्पाची तशीच परीक्षा घेण्याचे काम कोणाचे? सदर उपक्रम बाहेरच्या संशोधकांनी सुचविलेली द्रव्येही तपासण्यासाठी स्वीकारत आला आहे. आमलकी रसायनाचा प्रमाणित कल्प, प्रत्येक घाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदींसह, तयार करून देऊ शकतील असे औषधनिर्माते आपल्या सभासदांत आहेत. असा प्रस्ताव कोण, कोणत्या स्वरूपात लिहील, हा विषय आम्ही पुढील कार्यकारिणी सभेपुढे ठेवीत आहोत.