कसब आणि कागद

भारत सरकारने २०१५ साली कौशल्यविकासाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यातील एक कोष्टक वाचून कोणीही खिन्न व्हावे. रीतसर धंदेशिक्षण घेतलेल्या कामगारांचे प्रमाण दक्षिण कोरियात शेकडा ९६, जपानात ८०, जर्मनीत ७५. आणि आपल्या देशात शेकडा ४.६९!

तर मग बाकीचे पंच्याण्णव जण अडाणीच म्हणावयाचे काय? आम्हांस हे मुळीच मान्य नाही. आपल्या गावचा गवंडी ओळंबा सोडून भिंत उभी करतो, ती तसूभरही ढळत नाही. सुतार लाकडावरून नुसता हात फिरवून त्याचा कस सांगतो. ही विद्या त्यांनी बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली, प्रसंगी चार शिव्या खाऊन, संपादन केलेली असते. त्या कोष्टकाने शिक्षणाची नोंद मोजली. हातातील कसब मोजले नाही.

तथापि कागदाला हसून चालणार नाही. गावात गवंड्याला सारे ओळखतात. त्याने बांधलेली घरे हेच त्याचे प्रशस्तिपत्र. परंतु तोच मस्कतला किंवा दुबईला गेला म्हणजे तेथील मुकादमाने त्याची पारख कशावरून करावी? गरीब देशातील कारागिराची पत ओळखीपाळखीच्या माणसांत चालते. श्रीमंत देशातील कारागिराची पत नाण्याप्रमाणे देशभर चालते. आमच्या मते मोठा भेद आहे तो येथे.

हे नाणे कसे पाडतात, ते जर्मनीत पाहावे. शाळा सोडलेला मुलगा किंवा मुलगी एखाद्या कारखान्याशी वा दुकानाशी लेखी करार करते. आठवड्यातील तीन-चार दिवस प्रत्यक्ष काम, एक-दोन दिवस धंदेशाळा. असे बहुधा तीन वर्षे चालते. या काळात मालक दरमहा वेतन देतो. शेवटी परीक्षा घेतात ती मालक नव्हे, तर व्यापाऱ्यांची किंवा कारागिरांची अधिकृत मंडळे. सुमारे सव्वातीनशे धंदे या पद्धतीने शिकवले जातात. हाताच्या कामाला तेथे मान आहे. कोलोन येथे १८४९ साली तरुण कारागिरांचे मंडळ स्थापणारे धर्मगुरू आडॉल्फ कोल्पिंग हे स्वतः पूर्वी जोडे शिवीत असत! आपल्याकडे मात्र पोराच्या हाताला ग्रीस लागलेले पाहून सोयरेही नाक मुरडतात.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. मग घोडे अडते कोठे? बहुतेक काम लहान दुकानांत किंवा नाक्यावरच्या रोजंदारीत चालते. मालकाने दोन वर्षे खपून पोरगा तयार करावा आणि शेजारच्या दुकानदाराने पन्नास रुपये अधिक देऊन त्याला पळवावा, अशी स्थिती असता मालक तरी कशासाठी शिकवील? जर्मनीत बहुतेक धंदेवाले मंडळांचे सभासद असून शिकवण्याचा भार पुष्कळांत वाटला जातो.

दुसरी अडचण याहून मूळची आहे. नकाशा वाचणे, माप लिहिणे, यंत्राच्या सूचना समजून घेणे यांवाचून आजचा धंदा पुढे सरकत नाही. ग्रामीण भारतातील शाळांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०१८ साली असे आढळले की, पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येत नव्हता. अशा मुलाच्या हाती उत्तम हत्यार दिले, तरी त्याची धाव ठरलेलीच.

हाताखाली शिकलेल्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळावे, अशी सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५ पासून करण्यात आली. हे योग्यच झाले. मात्र थोड्या दिवसांच्या उजळणीला तीन वर्षांच्या उमेदवारीची सर यावयाची नाही. ज्यांची मुले अद्याप शाळेत आहेत, त्यांनी जवळच्या आय.टी.आय.मध्ये जाऊन स्वतः चौकशी करावी. तेथील पुष्कळ अभ्यासक्रमांना दहावी लागते. वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काहींना आठवी पुरते.