कोळसा सरतो, मुद्दल उरते

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वायोमिंग हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश आहे. परंतु २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या अवघी ५,७६,८५१ भरली. शायेन ही राजधानी आणि तेच सर्वांत मोठे शहर. त्याची वस्ती पाऊण लाखाच्याही आत आहे. चार वर्षांचे पदवीशिक्षण देणारे सरकारी विद्यापीठ राज्यात एकच, १८८६ साली लॅरमी येथे स्थापन झालेले.

इतक्या विरळ वस्तीत रस्ते राखणे आणि शाळा चालविणे दरडोई फार महाग पडते. तरीही हे राज्य व्यक्तिगत आयकर आकारीत नाही. मग खर्च भागतो कसा? मुख्यतः भूगर्भातील कोळसा, तेल आणि वायू यांवर.

१९७० च्या हवाशुद्धी कायद्यानंतर पावडर नदीच्या खोऱ्यातील कमी गंधकाच्या कोळशाला मागणी वाढली. राज्याने १९६९ मध्येच खनिज-उत्खननावर कर बसविला होता. १९७४ साली मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि त्या कराचा एक भाग कायम निधीत टाकण्याचे बंधन घातले. मुद्दलास हात लावावयाचा नाही, उत्पन्न तेवढे वापरावयाचे, हा त्यातील दंडक. खनिज ही मिळकत नसून भांडवल आहे, हे अर्थशास्त्रातील तत्त्व एका छोट्या राज्याने घटनेतच लिहून ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००८ मध्ये तेथे सुमारे ४२ कोटी मेट्रिक टन कोळसा निघाला. स्वस्त नैसर्गिक वायू आणि पवनऊर्जा यांच्या स्पर्धेमुळे २०२३ पर्यंत हे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. ३१ मार्च २०१६ या एकाच दिवशी दोन मोठ्या खाणींनी मिळून साडेचारशेहून अधिक कामगारांना घरी पाठविले. शाळांच्या नव्या इमारती खाणपट्ट्यांच्या लिलावातील रकमेतून उभ्या राहात. लिलाव थंडावले आणि तो झराही आटला. निधीने सरकारला आधार दिला, पण खाणीवर पोट असलेल्या कामगाराला नवा व्यवसाय दिला नाही. कर न देण्याची सवय जडलेल्या समाजाला आता शिक्षकाचा पगार कोणी द्यावयाचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. गोव्यातील लोहखनिजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली विक्रीच्या रकमेचा दहा टक्के भाग कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. वायोमिंगमध्ये मतदारांनी जे आपण होऊन केले, ते येथे न्यायालयाला सांगावे लागले. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातूनही वर्षानुवर्षे कोळसा निघत आहे. खाण बंद पडेल त्या दिवशी तेथील मुलांच्या नावे काय शिल्लक असेल, हे विचारण्याची वेळ खाण चालू असतानाच असते. निधी हवाच, पण त्याच्या जोडीला दुसरा रोजगार आणि कर भरण्याची तयारीही हवी. साठविलेले धन पुढच्या पिढीला आधार देईल. तिच्या हाताला काम मात्र आजच शोधून ठेवावे लागेल.