दिसणारी डकोटा, ऐकू येणारी डकोटा

बालकलाकार म्हटले की प्रेक्षकांना आठवतो तो चेहरा. टपोरे डोळे, पडलेले दुधाचे दात, गालावरची खळी यांचेच कौतुक अधिक होते. त्या चेहऱ्यामागच्या आवाजाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक लहानथोरांनी एकत्र बसून पाहावयाच्या चित्रपटांत मुलांचे बरेचसे काम आवाजाचेच असते आणि ते पडद्यावरील अभिनयापेक्षा सोपे मुळीच नसते. अमेरिकन अभिनेत्री डकोटा फॅनिंग हिची बालपणीची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २००१ ते २००९ या काळात तिने पडद्यावर आणि ध्वनिमुद्रण कक्षात इतक्या वेगवेगळ्या प्रकारचे काम केले, की चेहरा व आवाज यांच्यातील नात्याचे जवळजवळ सर्व नमुने एकाच मुलीच्या कामात सापडतात.

डकोटाचा जन्म २३ फेब्रुवारी १९९४ रोजी जॉर्जिया राज्यातील कॉनियर्स या गावी झाला. 'आय अ‍ॅम सॅम' (२००१) या चित्रपटाने ती सर्वांना माहीत झाली. बौद्धिकदृष्ट्या लहान मूलच राहिलेल्या वडिलांची ही कन्या. वडिलांची भूमिका शॉन पेन यांनी केली होती. (हिंदीतील २००५ चा 'मैं ऐसा ही हूँ' याच चित्रपटावर बेतलेला होता.) वडिलांना न वाचता येणारा शब्द आपणही वाचायचा नाही, असे ही मुलगी मनाशी ठरवते, हा त्यातील प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. शब्द येत असूनही तो न उच्चारणे हा अभिनय सात वर्षांच्या मुलीने कमालीच्या संयमाने केला. या भूमिकेसाठी तिला अमेरिकेतील 'स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड' या कलावंत संघटनेच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले. तोवर इतक्या लहान वयात हे नामांकन कोणालाही मिळालेले नव्हते.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या नावाशी निगडित असलेली 'टेकन' ही दहा भागांची दूरचित्रवाणी मालिका आली. तिचे निवेदन डकोटाचे होते. तिची व्यक्तिरेखा पडद्यावर येते ती उत्तरार्धात, पण आवाज मात्र आरंभापासून सोबत करतो. आठ वर्षांच्या मुलीच्या आवाजावर एवढ्या मोठ्या कथानकाचा भार टाकण्याचे धाडस निर्मात्यांनी केले, यातच त्या आवाजावरचा विश्वास दिसून येतो.

समोर पिल्लू, आवाज नंतर

'शार्लट्स वेब' (२००६) हा ई. बी. व्हाइट यांच्या १९५२ सालच्या गाजलेल्या बालकादंबरीवरील चित्रपट. त्यात डकोटाने फर्न नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीची भूमिका केली. अशक्त म्हणून मारले जाणारे डुकराचे पिल्लू वाचवण्यासाठी ही मुलगी कुऱ्हाड हाती घेतलेल्या वडिलांना अडवते. चित्रीकरण ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झाले. पिल्ले झपाट्याने वाढत असल्याने 'विल्बर' या एकाच डुकरासाठी अनेक पिल्ले आलटूनपालटून वापरावी लागली.

येथे चेहरा आणि देह डकोटाचे होते, पण तिच्या भोवतीच्या सृष्टीचे आवाज इतरांचे होते आणि ते स्वतंत्रपणे मुद्रित झाले. ज्युलिया रॉबर्ट्स यांनी शार्लट या कोळिणीला आवाज दिला. प्राण्यांच्या तोंडाच्या हालचाली संगणकाने जुळवण्यात आल्या, तर कोळीण संपूर्णपणे संगणकावरच घडवली गेली. म्हणजे ज्या कोळिणीभोवती सारी कथा फिरते, ती चित्रीकरणाच्या जागी नव्हतीच. अशा वेळी बालकलाकाराला रिकाम्या जागेकडे पाहून माया, भीती आणि दुःख दाखवावे लागते.

चेहरा दुसऱ्याचा, श्वास आपला

याच्या नेमके उलट काम म्हणजे डबिंग. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' हा चित्रपट १९८८ सालचा. डिस्नेने २००५ मध्ये त्याची नवी इंग्रजी आवृत्ती तयार केली. तीत साटसुकी या थोरल्या बहिणीला डकोटाने, तर मेई या धाकटीला तिची सख्खी बहीण एल हिने आवाज दिला. मूळ जपानी चित्रपटात या दोन्ही मुलींचे आवाज प्रौढ अभिनेत्रींनी काढले होते. इंग्रजीत मात्र बहिणींचे आवाज खऱ्याखुऱ्या बहिणींचे झाले.

डबिंगमध्ये चित्र आधीच पूर्ण झालेले असते. ओठ केव्हा उघडणार आणि केव्हा मिटणार हे बदलता येत नाही. परभाषेतील वाक्य तेवढ्याच वेळात बसवायचे, शिवाय ते वाचल्यासारखे वाटू द्यायचे नाही, ही खरी कसोटी असते. 'टोटोरो'मध्ये आई रुग्णालयात आहे आणि साटसुकी धाकटीसमोर धीर धरून वावरते. आईच्या प्रकृतीविषयी अशुभ शंका येताच मात्र तिचा बांध फुटतो. पुढे मेई हरवते, तेव्हा ती हाका मारीत शेतांतून धावत सुटते. हे रडणे, त्या हाका आणि धावताना लागलेली धाप यांतले सारे काही मुलीला ध्वनिक्षेपकासमोर एका जागी उभे राहून निर्माण करावे लागते. तिच्या मदतीला ना वेशभूषा असते, ना समोरचे पात्र.

आवाजाचा वारसा

तिसरा प्रकार अधिक नाजूक आहे. हवाईमधील खोडकर लिलो आणि तिचा परग्रहावरचा मित्र स्टिच ही जोडी २००२ मध्ये लोकप्रिय झाली, तेव्हा लिलोचा आवाज डेव्ही चेस या बालअभिनेत्रीचा होता. २००५ मध्ये थेट डीव्हीडीवर आलेल्या दुसऱ्या चित्रपटात तो डकोटाने दिला. मुलांच्या कानात एक आवाज पक्का बसलेला असताना नवा आवाज आणणे म्हणजे शाळेच्या नाटकात अचानक पात्र बदलण्यासारखे. लिलो तीच आहे असे वाटले पाहिजे आणि तरीही नक्कल होता कामा नये, असा हा दुहेरी पेच होता.

आधी आवाज, मग बाहुली

'कोरलाइन' (२००९) या चित्रपटात हे नाते पूर्णपणे फिरले. नील गेमन यांच्या २००२ सालच्या कादंबरीवर हेन्री सेलिक यांनी केलेला हा 'स्टॉप मोशन' पद्धतीचा चित्रपट. या पद्धतीत बाहुली किंचित हलवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, असे काम चालते. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस चौकटी लागतात. येथे संवाद आधी मुद्रित होतात. मग त्यांतील प्रत्येक अक्षर कोणत्या चौकटीवर येते याची नोंद केली जाते आणि त्यानुसार बाहुलीचे तोंड बसवले जाते. 'कोरलाइन'साठी चेहऱ्याचे अदलाबदल करता येणारे असंख्य भाग त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर तयार करण्यात आले होते. म्हणजे बाहुलीची भुवई कुठे उंचवायची आणि ओठ कुठे मुडपायचा, याची दिशा कारागिरांना मिळाली ती डकोटाच्या आवाजातून.

कादंबरीतील कोरलाइन बराच काळ एकटीच वावरते. पडद्यावर तिला बोलायला कोणीतरी हवे म्हणून सेलिक यांनी वायबी हा मूळ पुस्तकात नसलेला मुलगा निर्माण केला. आवाजाच्या गरजेतून एक नवे पात्रच कथेत आले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटासाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले.

खऱ्या मुलाचाच आवाज का?

मुलांचे आवाज प्रौढ स्त्रियांनी काढण्याची प्रथा जगभर आहे. अमेरिकेतील 'द सिम्प्सन्स'मधला दहा वर्षांचा बार्ट गेली अनेक दशके नॅन्सी कार्टराइट यांच्या आवाजात बोलतो. यामागे व्यवहार आहे. प्रौढ कलावंताचा आवाज सहसा बदलत नाही, तासांची मर्यादा आड येत नाही आणि सूचनाही चटकन समजतात. याउलट १९६५ च्या 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस'मध्ये खऱ्या मुलांचे आवाज घेतले गेले, तेव्हा वाचता न येणाऱ्या एका चिमुरडीकडून संवाद तुकड्यातुकड्याने म्हणवून घ्यावे लागले होते. तरीही खऱ्या मुलाच्या आवाजातील अडखळणे, मध्येच घेतलेला श्वास, वाक्याच्या शेवटी चढणारा सूर यांची सर नकलेला क्वचितच येते.

हा आवाज फार काळ टिकत नाही, ही खरी अडचण आहे. किशोरवयात मुलग्यांचा आवाज साधारणपणे एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचा त्या मानाने थोडाच उतरतो, पण त्याचा पोत बदलतोच. स्टॉप मोशन चित्रपटाला काही वर्षे लागतात आणि मूल तोवर थांबून राहत नाही. 'कोरलाइन' प्रदर्शित झाला तेव्हा डकोटा पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होती, तर तिची नायिका अकरा वर्षांची.

कमाई कोणाची, बालपण कोणाचे?

म्हणूनच हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. ज्या गुणासाठी मुलाला काम मिळते तो काही वर्षांत ओसरणार असेल, तर त्या वर्षांत जास्तीत जास्त काम करून घेण्याचा मोह मोठ्यांना होणारच. चार्ली चॅप्लिन यांच्या 'द किड' (१९२१) मधील बालनट जॅकी कूगन याने मोठेपणी पाहिले, तेव्हा त्याची बहुतेक कमाई घरच्यांनी उडवलेली होती. त्याच्या खटल्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात 'कूगन कायदा' झाला. आज तेथे बालकलाकाराच्या मिळकतीतील पंधरा टक्के रक्कम त्याच्या नावे राखून ठेवावी लागते. शाळेच्या दिवसांत नऊ ते सोळा वर्षांच्या मुलाकडून पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही आणि तीन तासांचे शिक्षण बंधनकारक असते. भारतातही २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त, तसेच विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. पडद्यावर न दिसणारे मूलही कामच करीत असते, याचे भान ठेवले तरच अशा नियमांना अर्थ उरतो.

डकोटाने पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात शिक्षण घेतले आणि प्रौढ भूमिकांकडे ती सहज वळली. असे वळण सर्वच बालकलाकारांच्या वाट्याला येत नाही. २०२४ मध्ये, पंधरा वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, 'कोरलाइन' पुन्हा चित्रपटगृहांत आला. तेव्हा अभिनेत्रीचे वय तीस होते. अंधारात बसलेल्या नव्या पिढीच्या मुलांना मात्र ऐकू येत होता तो निळ्या केसांच्या हट्टी मुलीचा आवाज. तो काढणाऱ्या मुलीकडे तो आवाज आता उरलेला नाही. तो राहिला आहे फक्त त्या बाहुलीपाशी.